दिनशॉजच्या इतिहासासाठी नागपुरात लोकसंग्रहालय असावे का?

महालकर : राणा या पारशी कुटुंबाने १९३२ साली नागपुरात दुधाचा व्यवसाय सुरू केला आणि त्यातूनच पुढे ‘दिनशॉज’ हे आइस्क्रीमचे नाव विदर्भभर झाले. हा इतिहास जपणारे, नागरिकांच्या न्यासाने चालवलेले एक छोटे संग्रहालय शहरात असावे, असे माझे मत आहे. घाई अशासाठी, की २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशेबाच्या वह्या साधारणपणे आठ आर्थिक वर्षे सांभाळल्या की भागते. त्याआधीच्या वह्या कंपनीने रद्दीत घातल्या तरी सहसा तिला कोणी जाब विचारत नाही. एम्प्रेस मिलचे उदाहरण समोर आहेच. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

इतवारीचा वाचक : पूर्ण असहमत. मिल बंद पडली होती, दिनशॉजचा माल आजही दुकानात मिळतो. चालत्या कंपनीचे संग्रहालय म्हणजे तिकीट लावून दाखवलेली जाहिरात. न्यास नागरिकांचा असला तरी जुनी यंत्रे, पत्रव्यवहार आणि छायाचित्रे कंपनीकडूनच मागावी लागणार, म्हणजे काय मांडायचे आणि काय कपाटात ठेवायचे हे अखेर देणाराच ठरवणार. दूध घालणाऱ्याला कोणत्या वर्षी काय दर मिळत होता, हा तक्ता कोणती कंपनी आपण होऊन भिंतीवर लावेल? आपल्याकडे १८६३ पासूनचा अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, आहे. हवे तर तिथे एक दालन मागा.

महालकर : जाहिरातीची भीती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. उत्पादनाच्या विक्रीला फायदा व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व कंपनीच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) खर्चात धरता येत नाही, असे नियमच सांगतात. न्यासाने घटनेत तेच कलम घालून घ्यावे. शिवाय मला बोधचिन्हे मांडायची नाहीत, हाताने आइस्क्रीम करण्याची कृती दाखवायची आहे. लाकडी बादलीत धातूचे भांडे, भोवती बर्फ आणि खडे मीठ; मिठामुळे वितळणारा बर्फ शून्याच्याही खाली जातो आणि दांडा फिरवता फिरवता आतले दूध आळत जाते. मीठ जास्त पडले तर कडेचा थर दगड होतो आणि मधले दूध पातळच राहते. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत हे काम किती जिकिरीचे असते, ते दांडा हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

धरमपेठी : दोघांनाही विचारतो, कंपनीच का? सावजी स्वयंपाक हलबा कोष्टी समाजाच्या विणकर घरांतून आला. त्याला संस्थापक नाही, स्थापनादिन नाही, म्हणून त्याच्यासाठी न्यासाची भाषा कोणी करत नाही. उलट संत्रा बर्फीसाठी प्रवासी ज्या हल्दीरामच्या दुकानात रांग लावतात, त्याचे मूळ बिकानेरचे. तेव्हा ‘स्थानिक’ कोणाला म्हणायचे, हे आधी ठरवा. (राणा कुटुंबाला परके म्हणण्याचा हेतू अजिबात नाही, गैरसमज नसावा.)

महालकर : बाहेरून येऊन इथे रुजलेले तेही स्थानिकच, नाहीतर निम्मी इतवारी बाजारपेठ वगळावी लागेल. सावजीचा मुद्दा मात्र पूर्ण मान्य. संग्रहालय एका कंपनीपुरते न ठेवता नागपूरच्या खाद्यउद्योगाचे करावे आणि सुरुवात दिनशॉजपासून करावी, कारण तिथे कागद असण्याची शक्यता जास्त.

इतवारीचा वाचक : म्हणजे ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांचाच इतिहास आधी, हीच तर माझी तक्रार आहे. निवृत्त कामगार, सायकलवरून दूध पोचवणारे आणि घरी मसाला वाटून देणाऱ्या बायका यांच्या मुलाखती आधी घ्या. त्याला ना इमारत लागते, ना कोणाची देणगी.

महालकर : मुलाखती जरूर घेऊ, पण ध्वनिफिती ठेवायच्या कुठे आणि वीस वर्षांनी त्या ऐकवायच्या कोणी? मोबाइल बदलला की त्या गेल्याच. म्हणून आधी न्यासाची नोंदणी आणि एक कुलूपबंद खोली, एवढी माझी मागणी कायम आहे.