मदत हवी आहे : ऑनलाइन कोर्सच्या तपासणीत प्राध्यापकांना कसं सामील करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार आमच्या विद्यापीठात ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी अंतर्गत गुणवत्ता कक्ष आहे, त्याचं काम मी पाहते. व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा, स्वाध्याय हे सगळं आहे की नाही, एवढं तपासायला तक्ता पुरतो. पण स्वाध्याय खरंच विचार करायला लावतो का, हे त्या विषयाचा प्राध्यापकच सांगू शकतो. आणि नेमके तेच येत नाहीत! सहकाऱ्याच्या कोर्सवर लेखी शेरा द्यायला संकोच वाटतो, शिवाय हे काम वर्कलोडमध्ये धरलं जात नाही. ही दुसरी तक्रार मला अगदी रास्त वाटते.

तुमच्याकडे या तपासणीचे तास वर्कलोडमध्ये धरतात का? कोर्स तयार होत असतानाच दुसऱ्या प्राध्यापकांना सोबत घेतलं, तर संकोच कमी होतो का? कुणी करून पाहिलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.