बोर्डीला कॅम्परमध्ये रात्रभर वारा, गाडी कुठे आणि कशी लावावी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडला राहतो. मेच्या शेवटच्या शनिवार-रविवारी भाड्याची कॅम्पर व्हॅन घेऊन डहाणूजवळ बोर्डीच्या किनाऱ्याला गेलो होतो. मी, बायको, आई (वय ७१) आणि चौथीतली मुलगी. गाडी म्हणजे ट्रॅव्हलरवर बनवलेली, आत दोन बेड, छोटा ओटा, गॅस, पाण्याची टाकी आणि एका बाजूला ओढून बाहेर काढायची कापडी शेड. आईने समुद्र आयुष्यात दोनदाच पाहिलाय, तोही जुहूच्या गर्दीत, म्हणून पहाटे दार उघडलं की तिला समोर समुद्र दिसला पाहिजे हा माझा हट्ट, सगळी ट्रिप त्याच हिशेबाने आखली होती.

जाताना त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा असे गेलो. तोरंगणच्या घाटात दुसऱ्या गिअरच्या वर गेलोच नाही, मागून लोक हॉर्न मारत होते पण मारू दिलं. चारोटीला हायवे ओलांडून डहाणू, तिथून किनाऱ्याने बोर्डी. दुपारी तीनला पोचलो आणि सुरूच्या झाडांच्या पुढे मोकळी जागा होती तिथे गाडी आडवी लावली, म्हणजे दार थेट समुद्राकडे. वारा होता पण नाशिकच्या उकाड्यातून गेल्यावर तो इतका बरा वाटला की आई म्हणाली इथेच राहू चार दिवस.

सहा वाजता बाहेर पिठलं टाकलं तर शेगडीची ज्योत आडवी व्हायला लागली, पिठल्यात वाळू. साडेआठला शेडचा एक पाय जमिनीतून उचलला गेला, काडकन आवाज झाला आणि अख्खं कापड उलटं होऊन टपावर आपटायला लागलं. मी आणि बायको दोन्ही टोकं धरून लोंबकळत होतो, गुंडाळायला वीस मिनिटं गेली, कापड फाटलं, माझा तळहात सोलवटला. मुलगी आत रडत होती. मग झोपलो तर गाडी हलायला लागली. आई अंधारात विचारते, "अरे, गाडी चालू आहे का?" टेबलावर तांब्या ठेवला होता त्यातलं पाणी मी रात्री दोन वाजता टॉर्च मारून बघितलं, सारखं हिंदकळत होतं. त्याआधी बाराच्या सुमाराला लाटांचा आवाज इतका जवळ आला की मी दोनदा खाली उतरून पाणी कुठवर आलंय ते बघून आलो.

शेवटी पहाटे चारला गाडी काढली आणि गावात एका उंच भिंतीच्या आड नेऊन लावली. तिथे आई पाच मिनिटांत झोपली आणि आठपर्यंत उठली नाही. ज्यासाठी गेलो ती पहाट अशी भिंतीआड गेली, मला फार वाईट वाटलं.

गाडीवाल्याला आधी विचारलं होतं, तो म्हणाला वारा असला तरी काही होत नाही, शेड लावा बिनधास्त. परत आल्यावर त्याच शेडचे पैसे डिपॉझिटमधून कापले.

आता प्रश्न. अशा वाऱ्यात गाडी खरंच उलटू शकते का? तोंड कुठे करून लावायची? शेड कधीपर्यंत ठेवायची? आणि मुख्य म्हणजे आईला परत जायचंय, स्वतःहून म्हणाली, तर कधी जावं? माहीतगार लोकांनी सविस्तर सांगा प्लीज.

सुरूबन

दादा, मी मूळचा डहाणूकडचा, पंधरा वर्षं सातपूरला नोकरी. तुमचं वाचून जीव कळवळला कारण हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या बाबतीत दरवर्षी होतं आणि कोणी आधी सांगत नाही.

शाळेत शिकलोय ना, दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते, दुपारी दोन ते संध्याकाळ याचा जोर. सूर्य बुडाला की पडायला लागतो आणि पहाटे उलटा, जमिनीकडून समुद्राकडे, अगदी हलका. थंडीत हे घड्याळ बऱ्यापैकी पाळलं जातं. पण मेच्या शेवटी पावसाळी वारे अरबी समुद्रावर जोर धरायला लागलेले असतात, मग पश्चिमेचा वारा रात्री पडतच नाही. तुम्ही वाट बघत बसलात की आता थांबेल, मग थांबेल. तो थांबणार नव्हता. आमच्याकडे त्या दिवसांत होड्या वर ओढून ताडपत्रीने झाकायला सुरुवात झालेली असते, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याची तयारी. बंदरात होड्या झाकलेल्या दिसल्या की समजायचं, आता किनाऱ्यावर मुक्कामाचे दिवस गेले.

दुसरं, गाडी सुरूच्या पुढे नाही, सुरूच्या मागे लावायची. ती झाडं किनाऱ्याला लावलीत तीच वारा आणि वाळू अडवायला. पण अगदी बुंध्याशीही नको, सुरूची जुनी फांदी वाऱ्यात मोडते. माडाखाली तर कधीच नको, नारळ सोडा, वाळलेली झावळी वरून आली तरी काच जाते. आणि खरं सांगू का, त्याहून चांगलं म्हणजे किनाऱ्यापासून एखादा किलोमीटर आत चिकूची वाडी बघा. घोलवडच्या चिकूला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तिकडे सगळीकडे वाड्याच वाड्या. चिकूचं झाड बुटकं, गच्च, घुमटासारखं, वाडीच्या आत वारा निम्म्यानेही लागत नाही. वाडीवाल्याला विचारून, त्याला रीतसर पैसे देऊन राहा. समुद्र बघायला चालत जा, झोपायला वाडीत या.

भरतीचा हिशेब आमच्याकडे तिथीवरून करतात. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे दुपारी तीन आणि रात्रीही तीनच्या पुढे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. तुम्ही म्हणताय बारा वाजता पाणी जवळ आलं, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ असणार, ती उधाणाची भरती, पाणी सगळ्यात वर चढतं. त्यात मागून वारा. तुम्ही उतरून बघत होतात ते बरोबरच केलंत.

नटबोल्ट

अंबडला फॅब्रिकेशनमध्ये आहे, दोन कॅम्परचं आतलं काम केलंय. उलटण्याच्या प्रश्नावर आकड्यात बोलतो म्हणजे आईंची भीती जाईल.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४० किमी वारा एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलोने ढकलतो, ६० ला सतरा किलो, ८० ला तीस किलोच्या वर. वेग दुप्पट की दाब चौपट, माणसं इथेच फसतात. तुमच्या गाडीची लांब बाजू सहा मीटर बाय सव्वादोन धरली तर तेरा-साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे ६० च्या वाऱ्यात सव्वादोनशे किलोचा रेटा बाजूने. ऐकायला खूप वाटतं, पण साडेतीन टनांची गाडी सपाट घट्ट जमिनीवर उभी असताना ती उलटायला याच्या कितीतरी पट जोर लागतो, ८० च्या वाऱ्यातही उलटवणारा जोर चौथ्या हिश्शाच्या आसपासच येतो. तुम्हाला जे हलणं जाणवलं ते पाटे (चाकांवरचे स्प्रिंग) आणि टायर दबून सुटत होते. जमीन उतरती किंवा एका बाजूची चाकं भुसभुशीत वाळूत असतील तर मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे गाडी लावूच नका.

तोंड वाऱ्याकडे करा. समोरची बाजू जेमतेम साडेचार-पाच चौरस मीटर, म्हणजे रेटा लगेच एक तृतीयांश. तुम्ही नेमकी आडवी लावली होती. दारसुद्धा वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला हवं, वाऱ्याने दार हातातून सुटलं की बिजागरी वाकते, ती नीट बसवायला आमच्याकडे येतात लोक.

शेडचं सांगतो. तीन बाय अडीचचं कापड म्हणजे साडेसात चौरस मीटर, खालून ६० चा झोत शिरला की सव्वाशे किलोने वर उचलणार. दोन पातळ पाय आणि वाळूत खोचलेल्या वीतभर खुंट्या, ते कसं टिकेल? लहान फांद्या हलायला लागल्या की शेड आत. मोठ्या फांद्या हलेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, तो वारा ताशी ४० च्या घरात गेलेला असतो. रात्री झोपताना वारा शून्य असला तरी शेड आत. आणि वाळूत खुंटी धरत नाही, पिशवीत वाळू भरून ती पुरायची आणि तिला दोर बांधायचा.

तुमच्याकडून शेडचे पैसे कापले ते मला अजिबात पटलं नाही. भाड्याने देणाऱ्याने शेड कधी आत घ्यायची हे गाडी देतानाच दाखवलं पाहिजे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. सव्वादोनशे किलो आणि साडेतीन टन हे आईला समजावून सांगितलं, ती म्हणाली मग तू रात्रभर जागा कशाला होतास. अजून एक, वारा होता म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या आणि टपावरची झडप गच्च लावून आत चहा केला होता, बायकोला नंतर डोकं जड वाटलं. ते वाऱ्यामुळे की दुसरं काही?

ओझरची लेक

ताईंना सांगा पुन्हा असं चुकूनही करू नका, हात जोडून सांगते. बंद गाडीत गॅस जळला की आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, आधी डोकं जड होतं, मग झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं अशीच गेली, जनरेटरचा धूर आत शिरला होता. तेव्हापासून आम्ही गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, मिळतो ऑनलाइन, बेडच्या उंचीला लावायचा.

आत शिजवायचंच असेल तर आडोशाच्या बाजूची खिडकी चार बोटं आणि टपावरची झडप थोडी, दोन्ही उघडी, मग भले ज्योत थोडी हलू दे. गाडीच्या तळाशी हवेसाठी असते ती जाळी कापडाने बुजवू नका, लोक थंडी लागते म्हणून बुजवतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी बसतो आणि त्याच जाळीतून बाहेर जातो. थंडी लागली म्हणून शेगडी पेटवून बसायचं नाही, गोधडी घ्या.

आणि वाऱ्याच्या दिवशी स्वयंपाक करायचाच कशाला? आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, लोणचं असं घरूनच नेतो, पहिल्या रात्री गॅसला हात लावत नाही. सासूबाई सोबत असतात, त्यांना रात्री दोनदा उतरावं लागतं, म्हणून दाराखाली रुंद पाट आणि धरायला दोर बांधून ठेवते. तुमच्या आईंनाही ते लागेल, वाऱ्यात म्हातारं माणूस पायरी चुकतं.

आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुतली का? वाऱ्यात खार उडून सगळीकडे बसतो. भाड्याची असली तरी धुवून द्या.

हायवेचा माणूस

एकच मुद्दा, चालवतानाचा. उंच गाडीला उभं असताना जितका धोका नाही तितका पळताना आहे. चारोटीला हायवेला लागलात की शेजारून कंटेनर जातो तेव्हा आधी वारा अडतो आणि तो पुढे गेला की एकदम झोत बसतो, गाडी हातभर सरकते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी, स्पीड ६० च्या आत, आणि जोरात उलटं वळवू नका. पाण्याची टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी, अर्धी टाकी वळणावर डचमळते. निघण्याआधी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा, त्यात वारा ताशी ४५ ते ५५ किमी आणि झोत ६५ असं काही दिसलं तर सरळ गंगापूर धरणाच्या बाजूला एक रात्र काढा, मुलं तिथेही खूश असतात.

सुरूबन

दादा, तारीख सुचवतो. दिवाळीनंतर या. पाडव्यापासून आठ-नऊ दिवसांनी कार्तिक शुद्ध नवमी-दशमी येते. नवमीची पाऊणपट पावणेसात, म्हणजे सकाळी सातच्या सुमाराला पूर्ण भरती. बोर्डीचा किनारा फार उथळ आहे, ओहोटीला पाणी इतकं लांब जातं की समोर नुसती ओली वाळू दिसते, पहाटे समुद्र बघायचा तर भरतीची पहाटच हवी. शिवाय अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी फार वर चढत नाही. आणि त्या दिवसांत सकाळी वारा मागून, जमिनीकडून, लाटा अगदी बारीक.

गोदाकाठ

सुरूबनदादा, आईला वाचून दाखवलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेऊन बसली आणि बोटाने तिथ्या मोजल्या. म्हणाली अष्टमीला निघू, नवमी-दशमी दोन पहाटा तिथे आणि कार्तिकीला घरी, कारण एकादशीला तिला गोदेवर जायचं असतं. वाडीचं तेवढं तुमच्या ओळखीत कुणी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, आम्ही चौघं, एक गाडी, शेड लावणार नाही.