एका डोनरच्या टी पेशी जोरात वाढतात, दुसऱ्याच्या ढिम्म, हे जीन्समुळं काय?

खानापूर_पोरगा:
नमस्कार मंडळी, बेळगावात एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करायलोय. रक्तातनं पांढऱ्या पेशी वेगळ्या करून अँटी-सीडी३ अँटीबॉडी (टी पेशीवरच्या सीडी३ला चिकटून तिला जागं करणारी) आणि आयएल-२ (पेशी वाढवणारं प्रोटीन) घालतोय, बहुतेकांच्या टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तीन दिवसात पुंजके करून मस्त वाढायल्यात, पण दोन डोनरच्या हलतच नाहीत, तेही तरणीताठी निरोगी माणसं. परत रक्त घेतलं तरी तेच. मीडियम, सीरम सगळं सारखंच. काय कारण असंल?

टिळकवाडी_ताई:
अँटीबॉडी कुठला क्लोन, म्हणजे कुठल्या वाणाची? नुसतीच मीडियममध्ये घालतोस की प्लेटला कोट करतोस?

खानापूर_पोरगा:
यूसीएचटी१ ताई, नुसतीच घालतोय.

टिळकवाडी_ताई:
मग जीन्सचा संशय रास्त आहे बघ. यूसीएचटी१ ही उंदराची, आयजीजी१ प्रकारची अँटीबॉडी. ती सुटी घातली की शेजारच्या मोनोसाइटनं (दुसऱ्या जातीची पांढरी पेशी) तिची शेपटी धरायला लागते, तवा कुठं टी पेशीला नीट सिग्नल जातो. धरणारा रिसेप्टर (मोनोसाइटवरचं पकडणारं प्रोटीन) एफसीजीआर२ए जीनचा, त्यात १३१ व्या जागी कुणाला आर्जिनीन हे अमिनो आम्ल असतं, कुणाला हिस्टिडीन. आर्जिनीनवाला उंदराची आयजीजी१ घट्ट धरतो, हिस्टिडीनवाला नाही, आणि आई-बाप दोघांकडनं हिस्टिडीन आलं तर पेशी अशाच गप्प बसतात. पण म्हणून त्या डोनरची प्रतिकारशक्ती कमी असं अजिबात लिहू नकोस, माणसाच्या स्वतःच्या आयजीजी२ला तर हिस्टिडीनवालाच चांगला धरतो!

निपाणीवाला:
ताईंचं पटतं, पण भावा आधी पीएचए घालून बघ की. राजम्यातलं प्रोटीन ते, १९६० मध्ये नोवेल या शास्त्रज्ञानं त्यानंच लिम्फोसाइट (टी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) वाढवून दाखवले, त्याला हा रिसेप्टर लागत नाही. त्यातही वाढल्या नाहीत तर पेशीच दमल्यात, रक्त रात्रभर ठेवलं असंल नाहीतर फ्रीझ करताना मेल्या असतील. सोबत ओकेटी३ हा दुसरा अँटी-सीडी३ क्लोन पण लाव, ती आयजीजी२ए, तिला मोनोसाइटवरचा दुसरा रिसेप्टर धरतो. सीडी३-सीडी२८च्या अँटीबॉडी लावलेले बीड्स (बारीक मणी) मिळाले तर सोन्याहून पिवळं, त्यांना मोनोसाइट लागतच नाहीत.

टिळकवाडी_ताई:
बरोबर. आणि त्या दोन डोनरच्या टी पेशी त्यांच्याच मोनोसाइटबरोबर यूसीएचटी१ लावून, नि त्याच डोनरच्या पेशींना ओकेटी३ लावून शेजारी शेजारी वाढवून बघ, फरक तिथंच दिसंल. आयएल२आरए, आयएल७आर या दुसऱ्या जीन्समधले फरक पण असतात, पण एवढ्या कमी डोनरांत ते दिसणं अवघड, त्यांच्या मागं लागू नकोस.
डीएनए तपासायचा विचार असंल तर संमतीपत्रात तसं लिहिलंय का बघ. नसंल तर आधी एथिक्स कमिटीकडं अर्ज टाक.