शब्दचर्चा : नोकरी तीच, पण आपल्या हातची करून घेतली, याला काय म्हणावं?

दारव्हेकर : इंग्रजीतल्या 'जॉब क्राफ्टिंग'साठी शब्द हवा आहे. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन या अमेरिकी संशोधक बायांनी २००१ साली ही कल्पना मांडली. नोकरी न सोडता माणूस तीन ठिकाणी फेरफार करतो : काय काम करायचं, कुणात मिसळायचं आणि आपल्या कामाला काय समजायचं. त्यांचं एक उदाहरण दवाखान्यातल्या सफाई कामगारांचं आहे. काहीजण नेमून दिलेलं झाडून-पुसून मोकळे होत. काहीजण पेशंटशी, नातेवाइकांशी बोलत, त्यांना काय हवं-नको ते पाहत आणि तेही आपलंच काम धरत. पगार सारखाच.

मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसतो. दाखले, नमुना ८ (घराच्या कराचा उतारा), दिवसभर प्रिंट. कंटाळा आला होता. आता बाजाराच्या आदल्या संध्याकाळीच प्रिंट काढून ठेवतो आणि बाजाराच्या दिवशी प्रत्येक कागद मोठ्यानं वाचून दाखवतो. मागं एका आजीला वाचून दाखवला तर ती म्हणे, "माह्या जागी माह्या नवऱ्याचं नाव टाकलं काय बाप्पा? तो तं मरून गेला." रांगेतले सगळे हसले, आजीही हसली. कागद तिथल्या तिथं दुरुस्त झाला. हे जे मी केलं, त्याला काय म्हणू?

पुणे ३० : कार्यशिल्पन.

दारव्हेकर : सरपंचांना सांगून पाहतो. पुतळा बसवायचा आहे असं समजतील.

वरूडची बाई : माझे वडील शिंपी. मी 'बेतणे' म्हणेन. कापड तेच, माप आपलं. 'काम अंगावर बेतून घेतलं.' अडचण एकच, 'बेतणे' म्हटलं की लोकांना आधी 'जिवावर बेतणे' आठवतं. आणि कापड एकदा कापलं की कापलं. तुम्ही सांगता ते काम चालू असताना करायचं आहे.

धुऱ्यावरचा : मंग डवरणी म्हणा ना. नोकरी बदलणं म्हणजे मोडून दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, खर्च पुन्हा. डवरणी उभ्या पिकात होते. पिकाच्या दोन ओळींमधून बैलांचा डवरा हाकला की त्याची पास, म्हणजे लोखंडी पातं, मातीखालून जाते, गवत कापते, वरची माती मोकळी करते. पीक जागचं हलत नाही.

सातारकर : आमच्याकडे याला कोळपणी म्हणतात. 'डवरणे' म्हणजे फुलांनी लदणे ना? मोगरा डवरला.

धुऱ्यावरचा : आमच्याकडे दोन्ही चालतात. 'पऱ्हाटी (कपाशी) डवरली' म्हटलं तर डवरा फिरवला. 'झाड फुलानं डवरलं' म्हटलं तर बहरलं. मात्र सोयाबीन फुलावर आलं की आम्ही डवरा घालत नाही, मुळ्या तुटतात. आणि वापसा पाहिजे, म्हणजे जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही. चिखलात घातला तर पाशीला माती चिकटते, बैलही दमतात.

दारव्हेकर : वापशाचं एकदम पटलं. मार्चअखेरीस वसुलीच्या घाईत मी हे वाचून दाखवणं सुरू करून पाहिलं होतं. दोन दिवसांत बोंबललं. पुढं जूनमध्ये जमलं.

आशाताई, आर्णी : शब्द गोड आहे, पण एक खडा टाकते. मी गरोदर बायांना एकेकटं गाठण्याऐवजी एका अंगणात बसवून गप्पा मारत माहिती देऊ लागले. मजा येत होती. मग वरून सांगणं आलं, हे दर आठवड्याला करा, फोटो टाका, रजिस्टर भरा. आता तेच काम नकोसं झालं. याला डवरणी म्हणायची का?

वरूडची बाई : नाही. त्याला 'वरकाम' हा शब्द तयार आहे. फुकट असेल तर 'वेठ'.

धुऱ्यावरचा : बरोबर. डवरा आपल्या हातात पाहिजे. दुसऱ्यानं आपल्या वावरात हाकला तर त्याला गवत अन् पीक सारखंच दिसते.

पुणे ३०: मग वाक्यात कसं वापरायचं? 'मी नोकरी डवरली'?

दारव्हेकर : 'नोकरी डवरली' कानाला खटकतं. 'कामात डवरा घातला' चालेल. आजच ऑफिसात बोलून पाहिलं. शिपाई म्हणाला, "घाला, पण आधी माह्या टेबलावरून घाला."