कळंगुटच्या हॉटेलात सात स्विच: व्हीलॅन एकाच जागेवरून कसे सांभाळायचे?

कळंगुट_३६खोल्या
नमस्कार मंडळी. आमचं हॉटेल छोटं आहे, तीन इमारती. सात मॅनेज्ड (आत लॉगिन करून सेटिंग बदलता येणारे) स्विच आहेत, पण गरज पडेल तसे घेतल्यामुळे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे. व्हीलॅन, म्हणजे त्याच केबलवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं, पाच: १० ऑफिस, २० पाहुण्यांचं वायफाय, ३० कॅमेरे, ४० बिलिंग, ९९ मॅनेजमेंट. काही बदलायचं तर सात ठिकाणी लॉगिन. जुलैत कॅमेऱ्यांचा व्हीलॅन नवीन टाकला, मधल्या एका स्विचच्या ट्रंकवर (स्विच ते स्विच जोडणीवर) ३० द्यायचा राहिला आणि मागच्या इमारतीचे कॅमेरे दोन दिवस बंद. सीझनच्या आत सगळं एका जागेवरून करायचंय. बजेट ६०,००० रुपये, त्याच्यावर जमणार नाही. काय घेऊ?

पणजी_रॅक
जुने सगळे काढा आणि एकाच कंपनीचे स्टॅक होणारे घ्या. स्टॅक केलं की चार स्विच मिळून एकच स्विच दिसतो, एक आयपी, एक कॉन्फिग. आमच्या ऑफिसात २०१९ पासून चालू आहे, एकदाही हात लावावा लागला नाही. अडीच लाख गेले, पण झोप शांत लागते.

मडगाव_वायफाय
टीपी-लिंकचे ओमाडा स्विच घ्या. सगळे स्विच एका जागेवरून चालवणाऱ्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या पीसीवरही चालतं. व्हीलॅन एकदा कंट्रोलरवर बनवायचा, कुठल्या पोर्टला कुठला व्हीलॅन ते सांगणारं पोर्ट प्रोफाइल लावायचं, झालं. कंट्रोलर बंद पडला तरी स्विच चालूच राहतात, फक्त पाहुण्यांचं लॉगिन पान त्याच्यावर असेल तर ते अडतं. एक सांभाळा: मॅनेजमेंट व्हीलॅन बदलताना घाई केली की स्विच कंट्रोलरला दिसेनासा होतो. माझे तीन असेच गेले होते, प्रत्येकाला शिडी लावून रिसेट केलं.

फोंडा_आयटी
पुढे कोणीतरी व्हीटीपी (व्हीलॅनची यादी आपोआप सगळ्या स्विचवर पसरवणारी सोय) सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. एका कॉलेजात लॅबमधला जुना स्विच मी ट्रंकवर जोडला. डोमेन नाव आणि पासवर्ड तेच, पण त्याचा रिव्हिजन नंबर (यादी बदलली की वाढणारा आकडा; मोठा आकडा असलेली यादी बाकीचे स्विच घेतात) मोठा. त्याच्याकडची जुनी यादी सगळ्या स्विचवर पसरली, आमचे व्हीलॅन पुसले गेले, पोर्ट निष्क्रिय. परीक्षेचा दिवस होता. तेव्हापासून कुठलाही वापरलेला स्विच आधी ट्रान्सपरंट मोडला (त्यात स्विच स्वतःची यादी पसरवत नाही) टाकून नंबर शून्य करतो, मगच केबल लावतो. व्हर्जन ३ मध्ये प्रायमरी सर्व्हर ठरवल्याशिवाय कोणी बदल करू शकत नाही, त्यामुळे हा धोका कमी.

तिसवाडी_सीएलआय
व्हीटीपी सिस्कोचाच आहे, याच्याकडे तीन कंपन्या आहेत. मिश्र असतील तर तेच काम करणारं, कुठल्याही कंपनीला वापरता येणारं एमव्हीआरपी, ८०२.१एके, २००७ चं स्टँडर्ड. पण सातही स्विचमध्ये असायला हवं. आणि हे दोन्ही फक्त व्हीलॅन पसरवतात. कुठला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, ते तुम्हालाच प्रत्येक स्विचवर करावं लागतं.

मडगाव_वायफाय
म्हणूनच म्हणतो, कंट्रोलर.

पेडणे_फायबर
इमारती एकमेकींना कशाने जोडल्यात ते कोणी विचारलंच नाही. तांब्याची केबल असेल तर व्हीलॅन नंतर बघा. पावसाळ्याआधीच्या गडगडाटात माझे दोन स्विच एका संध्याकाळी जळले. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो केबलमधून पोर्टवर येतो. फायबर घाला.

पणजी_रॅक
आर्मर्ड घाला, उंदीर कुरतडतात.

पेडणे_फायबर
आर्मरही धातूच आहे, अर्थ करावं लागतं. पाइपातून साधी, धातू नसलेली केबल घाला. आमच्याकडे चार पावसाळे निघाले.

साखळी_स्क्रिप्ट
कंपन्या वेगळ्या असल्या तरी अ‍ॅन्सिबलने (एकदम अनेक उपकरणांना कमांड पाठवणारं सॉफ्टवेअर) जमतं, स्विचवर एसएसएच, म्हणजे दुरून कमांड देण्याची सोय, चालत असेल तर. फक्त वेब पानावर चालणारे स्वस्त स्विच असतील तर नाही. पण मूळ प्रश्न विचारतो: वर्षातून किती वेळा व्हीलॅन बदलता?

कळंगुट_३६खोल्या
दोनदा, फार तर. इमारतींमध्ये तांबंच आहे, एक लांबी ९० मीटरच्या आसपास.

म्हापसा_जुनाजाणता
ओमाडा घ्या, माझ्या भाच्यानेही तेच घेतलं.

पणजी_रॅक
स्टॅकचा विचार परत करा. एकदाच खर्च.

तिसवाडी_सीएलआय
स्टॅक एका रॅकसाठी ठीक, याच्या तीन इमारती आहेत हो.

कळंगुट_३६खोल्या
मंडळी, ठरवलं. कंट्रोलर घेत नाही, स्विच बदलत नाही. साखळीकरांच्या प्रश्नावर विचार केला. पाचच व्हीलॅन आहेत, म्हणून काल रात्री पाहुणे झोपल्यावर सातही स्विचवर पाचही बनवले आणि स्विच ते स्विच प्रत्येक ट्रंकवर पाचही टॅग्ड (व्हीलॅनच्या नंबरची खूण लावून) दिले. आता मधला स्विच विसरायचा प्रश्नच नाही, नवा कॅमेरा आला की फक्त त्याचा पोर्ट ३० मध्ये. ट्रंकवर नेटिव्ह (खूण नसलेल्या ट्रॅफिकचा व्हीलॅन) १ ठेवलाय, त्यावर वापरातलं काही नाही. कुठला पोर्ट कशाचा याचा तक्ता प्रत्येक रॅकच्या दारावर चिकटवला. पैसे फायबरला जाताहेत, चवथीआधी दोन्ही इमारती जोडून होतील. देव बरें करूं.

मडगाव_वायफाय
आठवा स्विच घ्याल तेव्हा परत बोलू.

पेडणे_फायबर
पाइपात दोरी ओढून ठेवा, पुढच्या केबलला उपयोगी पडते. आणि चारऐवजी सहा कोअरची (आत सहा तंतू असलेली) घ्या.