मदत हवी आहे: ३५ हजारांत डेस्कटॉप जुळवायचाय

नमस्कार मंडळी. भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली, तिच्यासाठी डेस्कटॉप जुळवतोय. कोडिंग, थोडं ऑटोकॅड, आणि ती सांगत नसली तरी गेम्स. मॉनिटर घरचाच आहे.

ग्राफिक्स कार्ड सध्या परवडत नाही, म्हणून रायझेन ५ ५६००जी प्रोसेसर डोळ्यासमोर आहे: ६ कोअर, १२ थ्रेड, ग्राफिक्स आतच. दुसरा पर्याय आय३ १२१००. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात एकाने त्याचा 'एफ'वाला स्वस्तात गळ्यात मारायला बघितलं. एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. कार्डाशिवाय स्क्रीनवर काय, अंधार? वाचलो.

रॅमच्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक घेणार, १६ची एकच नको. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे ड्युअल चॅनलने, म्हणजे दोन स्टिक जोडीने चालल्या की, चांगलाच फरक पडतो.

घोडं अडलंय मदरबोर्डवर. बी४५० स्वस्त पडतो, पण जुना साठा असला तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय ५६००जी चालू होत नाही. दुकानदार ते करून देतात का, की सरळ बी५५० घ्यावा?

आणि एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. मागच्या वेळी कॅबिनेटसोबत आलेला फुकटचा वापरला. आमच्याकडे व्होल्टेज नाचतं. एका संध्याकाळी फट् आवाज, जळका वास, आणि जाता जाता मदरबोर्डही घेऊन गेला. पुढेमागे कार्ड टाकायचं तर ४५० वॉट पुरेल, की ५५०च घेऊ?

कुणी नुकतंच जुळवलं असेल तर बिलाचा फोटो टाका, दुकानाचं नाव झाकलं तरी चालेल.