बेचाळिसाव्या वर्षी पहिला चित्रपट : ॲलन रिकमन यांच्या कारकिर्दीविषयी

तलावपाळी (ठाणे) :

सप्रेम नमस्कार. मी नौपाड्यात राहते, ऐरोलीतील एका जाहिरात संस्थेत ग्राफिक डिझायनर आहे आणि गेली दोन वर्षे एका हौशी नाट्यसंस्थेत काम करते. आमच्या तालमी रात्री आठनंतर एका शाळेच्या वर्गात चालतात. माझे वय ३३ आहे. नाटक हेच आपले काम व्हावे असे मी बोलून दाखवू लागल्यापासून जो भेटतो तो मला ब्रिटिश अभिनेते ॲलन रिकमन यांचा दाखला देतो : तेही आधी ग्राफिक डिझायनर होते, त्यांचाही पहिला चित्रपट बेचाळिसाव्या वर्षी आला, मग तुला कसली घाई? ऐकून धीर येतो, पण हा दाखला मला खरोखर लागू पडतो का, याविषयी मनात शंका आहे. मी त्यांना ‘हॅरी पॉटर’मधील स्नेप म्हणून ओळखते. त्याआधीची त्यांची वर्षे कशी गेली आणि पडद्यावर नाव झाल्यावर रंगभूमीशी त्यांचे नाते कसे राहिले, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

वाशीकर :

आपली शंका रास्त आहे. बेचाळीस हा आकडा खरा आहे, पण तो चित्रपटाचा आकडा आहे, अभिनयाचा नव्हे. रिकमन यांचा जन्म २१ फेब्रुवारी १९४६ रोजी लंडनच्या ॲक्टन भागात झाला. वडील ते आठ वर्षांचे असतानाच वारले आणि चार मुलांना आईने वाढवले. कलाशाळेत शिकून त्यांनी मित्रांबरोबर डिझाइनचा स्टुडिओ काढला. तो चालवत असतानाच २६व्या वर्षी त्यांनी लंडनच्या ‘राडा’ या नाट्यशिक्षण संस्थेला पत्र लिहून प्रवेशचाचणी मागितली आणि १९७२ ते १९७४ ही दोन वर्षे तेथे शिक्षण घेतले. ‘डाय हार्ड’ आला १९८८ मध्ये. मधली १४ वर्षे त्यांनी वाट पाहण्यात नव्हे, तर प्रयोग करण्यात घालवली.

शेफील्ड, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल अशा शहरांतील नाट्यगृहांत त्यांनी कामे केली. तेथील ‘रेपर्टरी’ पद्धतीत नाट्यगृहाचा स्वतःचा नटसंच असतो, रात्री एका नाटकाचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या नाटकाची तालीम असा क्रम चालतो, त्यामुळे नटाला वर्षभरात निरनिराळ्या वयाच्या आणि स्वभावाच्या भूमिका अंगावर घ्याव्या लागतात. पुढे ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले, १९८२ मध्ये बीबीसीच्या ‘द बार्चेस्टर क्रॉनिकल्स’ या मालिकेतील गोडबोल्या, महत्त्वाकांक्षी धर्मगुरूच्या भूमिकेने लोकांच्या लक्षात राहिले, आणि १९८५ मध्ये त्यांना ‘ले लियेजाँ दांजरूझ’ हे नाटक मिळाले.

या नाटकाविषयी मला विशेष सांगायचे आहे. त्याचा आरंभ झाला स्ट्रॅटफर्डच्या ‘द अदर प्लेस’मध्ये, म्हणजे पत्र्याच्या शेडवजा छोट्या नाट्यगृहात, जेथे प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसत. तेथून ते लंडनला आणि १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेला गेले. आपल्याकडे छबिलदास शाळेच्या सभागृहात बसलेले नाटक पुढे मोठ्या रंगमंचावर जावे, तसाच हा प्रवास होता. छोट्या जागेत खोटी हालचाल लगेच उघडी पडते, मोठ्या जागेत शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवावा लागतो, आणि रिकमन यांनी ही दोन्ही कामे एकाच भूमिकेत केली. चित्रपटाच्या कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभा राहिलेला नट इतका निश्चिंत कसा, याचे उत्तर मला त्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडते.

ब्रॉडवेवरील तो प्रयोग पाहूनच निर्माते जोएल सिल्व्हर यांनी त्यांना ‘डाय हार्ड’मधील खलनायकाची भूमिका दिली. त्या नाटकाचा चित्रपट ‘डाय हार्ड’च्याच वर्षी आला, तेव्हा मात्र रिकमन यांची भूमिका जॉन माल्कोविच यांना मिळाली होती. मला आजही त्याची हळहळ वाटते.

कपडेपट :

मी ठाण्यातच राहतो आणि अनेक वर्षे नाटकांचा कपडेपट सांभाळतो, म्हणून एक गोष्ट आवर्जून नोंदवतो. ‘राडा’त शिकत असताना खर्च भागवण्यासाठी रिकमन यांनी नायजेल हॉथॉर्न आणि राल्फ रिचर्डसन यांच्या पोशाखांची व्यवस्था पाहिली होती. विंगेत अंगरखा हातावर घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला नट प्रवेशाआधीचा श्वास कसा घेतो आणि टाळी पडल्यावर कसा थांबतो, हे रोज दिसते. तलावपाळी, आपल्याला भूमिका मिळत नसेल त्या दिवसांत हे काम कमीपणाचे मानू नका.

वयाच्या बाबतीत मात्र आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. डॉ. श्रीराम लागू यांनी कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियेचा व्यवसाय सोडून १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी पत्करली, तेव्हा तेही चाळिशी ओलांडलेले होते, आणि पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. परंतु त्यांच्याही मागे पुण्यात आणि मुंबईत हौशी रंगभूमीवर केलेले कित्येक वर्षांचे काम होते. ब्रिटनमधील रेपर्टरी नाट्यगृहांना सार्वजनिक अनुदान मिळे आणि तरुण नटाला त्यातून बेताचे का होईना, पण नियमित वेतन मिळे. आपल्या हौशी नटाला तो आधार नाही, म्हणून नोकरी सोडण्याचा निर्णय रिकमन यांच्याकडे पाहून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मधला विराम :

प्रश्नाचा दुसरा भाग अनुत्तरित राहिला आहे. ‘रॉबिन हूड : प्रिन्स ऑफ थीव्ज’मधील खलनायकासाठी रिकमन यांना बाफ्टा हा ब्रिटनचा चित्रपट पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर १९९२ मध्ये ते लंडनच्या रंगमंचावर हॅम्लेट म्हणून उभे राहिले, तेही ४६व्या वर्षी. १९९८ मध्ये नॅशनल थिएटरात हेलन मिरेन यांच्यासह केलेल्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’वर समीक्षकांनी कठोर टीका केली. तरीही ते परतत राहिले. १९८५च्या त्या नाटकातील सहनायिका लिंडसे डंकन यांच्याबरोबर, हॉवर्ड डेव्हिस याच दिग्दर्शकाकडे, त्यांनी २००१ मध्ये ‘प्रायव्हेट लाइव्ज’ केले. २०१० मध्ये डब्लिनच्या ॲबी थिएटरात इब्सेनचे ‘जॉन गॅब्रिएल बोर्कमन’ केले, त्यातही डंकन होत्याच. ‘हॅरी पॉटर’चे आठ चित्रपट २००१ ते २०११ या काळात आले, म्हणजे ही दोन्ही नाटके त्याच दशकातली आहेत.

स्नेपविषयी एवढेच सांगतो. शेवटचे पुस्तक २००७ मध्ये आले, पण त्या पात्राच्या मनाचा एक छोटासा धागा लेखिकेने रिकमन यांना आरंभीच सांगितला होता आणि त्यांनी तो कोणालाही सांगितला नाही. आता पहिला चित्रपट पुन्हा पाहिला, तर शब्दाआधीचे त्यांचे थांबणे वेगळे वाटते. पात्राला ठाऊक असलेली आणि प्रेक्षकाला ठाऊक नसलेली गोष्ट विरामात सांभाळून ठेवण्याची ही विद्या मला रंगभूमीचीच वाटते.

तलावपाळी (ठाणे) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नोकरी सोडण्याचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे. एक उपप्रश्न विचारते : डिझाइनच्या शिक्षणाचा त्यांना अभिनयात कधी उपयोग झाला का?

वाशीकर :

झाला, असे मी म्हणेन. ‘डाय हार्ड’मधील दहशतवाद्यांच्या म्होरक्याला लढाऊ पोशाखाऐवजी सूट द्यावा, अशी सूचना त्यांनी स्वतः चिठ्ठी लिहून निर्मात्यांकडे दिली होती. त्या सूटमुळेच तो म्होरक्या एका प्रसंगात ओलिसांपैकीच एक असल्याची बतावणी करू शकतो. आज रात्री तो प्रसंग पाहा, आणि कपडेपट यांनी त्याविषयी काय वाटते ते येथे अवश्य लिहावे.